आवाज आधी, चेहरा नंतर

सकाळी ६.१५

सर्व्हर मुंबईत, मी कराडात. टर्मिनल उघडलं की हे अंतर उरत नाही, म्हणून चहा उकळेपर्यंत दिवसाचं पहिलं काम उरकून घेते. काल रात्री नोंदवलेलं डोमेन-नाव मुंबईच्या त्या यंत्राच्या पत्त्यावर पोचतंय का, ते बघायचं. पोचतंय. तपासणी क्षुल्लक वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. ब्राउझर माइक आणि कॅमेरा देतो तो फक्त सुरक्षित पानाला. पान सुरक्षित व्हायचं तर सर्टिफिकेट लागतं. लेट्स एन्क्रिप्ट ते फुकट देतं, पण हे नाव खरोखर आपल्याच यंत्राकडे येतं अशी खात्री पटल्यावर. नाव अडलं की सर्टिफिकेट अडतं, सर्टिफिकेट अडलं की माइक.

यंत्र भाड्याचं आहे. उबंटू २२.०४, आठ कोअर, सोळा जीबी मेमरी, पाचशे जीबी डिस्क. हे आकडे मी मनाने ठरवलेले नाहीत, बिगब्ल्यूबटन या ऑनलाइन वर्ग भरवायच्या सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत किमान गरज म्हणून दिले आहेत. कॉलेजच्या कार्यालयात एक जुना सर्व्हर धूळ खात पडला आहे, तोच वापरा, असा आग्रह होता. यंत्र वाईट नाही. पण त्याच दस्तऐवजांत जाण्याची आणि येण्याची बँडविड्थ सारखीच, सेकंदाला २५० मेगाबिट, मागितली आहे. आमच्याकडची लाइन डाउनलोडला सढळ आणि अपलोडला चिकट आहे. इतकी वर्षं कोणाला त्याची झळ लागली नाही, कारण कॉलेज फक्त घेत होतं. वर्ग भरवायचा म्हणजे द्यायचं असतं. शिवाय लाईट गेली की पूर्ण कॉलेजबरोबर वर्गही बसणार. आग्रह मागे घेतला गेला.

सकाळी ७.००

बसवायला एकच कमांड. प्रकल्पाची स्वतःची स्क्रिप्ट आहे, तिला आवृत्ती सांगायची, सर्व्हरचं नाव आणि एक ईमेल द्यायचा, की ती कामाला लागते. काळ्या पडद्यावर ओळी धावत राहतात. बरेच जण या वेळात आंघोळ उरकतात. मी ओळी वाचते, कारण आपण काय घरात घेतोय ते इथेच कळतं. नाव एक असलं तरी ही अनेक स्वतंत्र प्रकल्पांची मोट आहे. एनजिन्एक्स पानं पुरवतं. रेडिस आतल्या आत निरोप पोचवतं. फ्रीस्विच हे मुळात टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर, ते इथे आवाज सांभाळतं. मीडियासूप कॅमेऱ्यांची चित्रं पुढे पाठवतं. ईथरपॅड म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वही. लिबरऑफिस स्लाइड्सची पीडीएफ करतं. कोण खोलीत आलं, कोणी हात वर केला, कोणाचा माइक उघडा आहे, ही माहिती ३.० आवृत्तीपासून पोस्टग्रेस डेटाबेसात राहते. आधी त्या जागी मीटिओर आणि मोंगोडीबी होतं. त्या काळात ज्यांनी हे शिकून घेतलं त्यांना अर्धं घर नव्याने ओळखून घ्यावं लागलं.

याचा जन्म २००७ मध्ये कॅनडात, ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात झाला. तिथल्या तंत्रज्ञान-व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला दूरवर बसलेल्या विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं, आणि रिचर्ड आलम यांनी कोड लिहायला सुरुवात केली. बाजारातली बरीच साधनं कंपन्यांच्या बैठकांसाठी घडली. हे पहिल्या दिवसापासून वर्गासाठी घडलं, आणि ते जागोजाग दिसतं. मध्यभागी मोठा फळा असतो, माणसांचे चौकोन कडेला. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे अधिकार वेगळे. वर्गाचे गट पाडून त्यांना वेगळ्या खोल्यांत बसवता येतं. सुरुवातीला सगळं फ्लॅशवर चालायचं. २०२० च्या ३१ डिसेंबरला अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, तोवर प्रकल्पाने एचटीएमएल५ आणि वेबआरटीसीची, म्हणजे ब्राउझरमधूनच थेट आवाज-चित्र पाठवण्याची, वाट धरली होती. धरली नसती तर टाळेबंदीतल्या शाळांना त्याचा फार काळ उपयोग झाला नसता.

व्हिडिओ बैठकांचं दुसरं साधन जित्सी का नाही, असं मला नेहमी विचारतात. जित्सी चांगलंच आहे. एमिल इव्होव्ह यांनी २००३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात ते सुरू केलं, २०१८ पासून ते ८x८ या कंपनीकडे आहे, आणि बसवायला ते याहून हलकं आहे. चार जणांची बैठक असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. पण वर्ग चालवायचा आणि तोही पाटण खोऱ्यातल्या मोबाईलवर, तर दोघांतला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तो साडेनऊला प्राचार्य मॅडमना समजावायचाच आहे.

स्क्रिप्ट संपली. बीबीबी-कॉन्फ या कमांडला तपासणी करायला सांगितलं. ती सगळ्या सेवांचे पत्ते आणि पोर्ट एकाखाली एक मांडते आणि शेवटी संभाव्य अडचणी लिहिते. आज तिथे काही नाही. एवढ्यावर खूश होऊन लॅपटॉप मिटणारे लोक दुपारी फोन करतात, 'लॉगिन होतंय, चॅट चालतंय, फळ्यावर लिहिता येतंय, पण आवाज नाही, १००७ एरर येतोय.' कारण फायरवॉल दोन असतात. एक उबंटूच्या आतली, ती स्क्रिप्टने उघडून दिली. दुसरी भाडं घेणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधली, तिच्यापर्यंत स्क्रिप्टचा हात पोचत नाही. पानं, चॅट आणि फळा ४४३ वरून येतात. आवाज आणि चित्र यूडीपीच्या १६३८४ ते ३२७६८ या पट्ट्यातून जातात. तो पट्टा त्या पॅनलवर वेगळा उघडावा लागतो. उघडला, आणि मग आंघोळीला गेले.

सकाळी ९.३०

प्राचार्य मॅडम भौतिकशास्त्राच्या. त्यांची अट एकच आहे: "प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. कॅमेरा बंद करून मुलं झोपतात, मला माहीत आहे."

मलाही माहीत आहे. मी कागद पुढे ओढला.

चाळीस विद्यार्थी आणि एक शिक्षक. सगळ्यांचे कॅमेरे चालू. सर्व्हरकडे एकेचाळीस चित्रं आली. प्रत्येक चित्र उरलेल्या चाळीस जणांना पाठवायचं, म्हणजे बाहेर जाणारे प्रवाह १६४०. चित्राला सेकंदाला १०० किलोबिट इतकं कंजूष माप धरलं तरी सर्व्हरमधून १६४ मेगाबिट बाहेर पडतात. सर्व्हरला ते झेपेल, त्यासाठीच भाडं देतो. आता ढेबेवाडीच्या पुढे राहणाऱ्या मुलीचा मोबाईल घ्या. तिच्याकडे चाळीस चित्रं येणार, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे तासाला १.८ जीबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तास संपायच्या आत पॅक संपतो, आणि हे रेंज पूर्ण असताना.

"पानं करता येतात ना? एका वेळी थोडेच चेहरे?"

येतात. पडद्यावर एका वेळी ठरावीक चौकोन दाखवायची सोय आहे आणि ती वापरणारच आहोत. पण मग 'सगळे एकदम' ही अट सुटते.

मॅडमनी पेन घेतलं. "आवाजाचंही हेच असणार. चाळीस आवाज चाळीस जणांना."

इथेच तो फरक. जित्सीचा व्हिडिओब्रिज चित्रासारखाच आवाजही न मिसळता पुढे पाठवतो. बिगब्ल्यूबटनमध्ये नेहमीच्या मांडणीत फ्रीस्विच सगळे आवाज आपल्याकडे घेतं, एकत्र मिसळतं आणि प्रत्येकाला एकच मिश्रण पाठवतं. बोलणाऱ्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून. वर्गात चार जण असोत की चाळीस, त्या मुलीच्या मोबाईलवर आवाजाचा एकच प्रवाह येतो. मिसळायचं काम सर्व्हरच्या प्रोसेसरला पडतं, पण तो मुंबईत बसलाय, त्याला लाईट आहे, त्याचा पॅक संपत नाही. सेकंदाला ४० किलोबिट धरले तर तासाचे १८ एमबी होतात. १.८ जीबीचा शंभरावा भाग.

मॅडम त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत होत्या. मी सेटिंग सांगितलं: विद्यार्थ्यांचे कॅमेरे फक्त शिक्षकाला दिसतील, विद्यार्थ्यांना फक्त शिक्षक दिसतील. मग बाहेरचे प्रवाह किती? शिक्षकाकडे चाळीस आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक, एकूण ऐंशी. १६४० चे ऐंशी झाले. झोपलेला मुलगा शिक्षकाला दिसतो, आणि ज्याला कॅमेरा परवडत नाही तो नुसतं ऐकू शकतो.

"म्हणजे शिकणाऱ्याला चेहऱ्यांची गरज नाही, असं तुमचं म्हणणं?"

माझं म्हणणं एवढंच की चित्र अडखळलं तर वर्ग चालतो, आवाज तुटला तर वर्ग संपतो. दोन्हींसाठी पैसे आणि रेंज एकाच पिशवीतून जात असतील तर आधी आवाज. मॅडमनी मान डोलावली, पण 'बघू' म्हणाल्या. आमच्या कार्यालयात 'बघू'चा अर्थ बहुतेक वेळा 'हो' असतो.

सकाळी ११.००

संगणक प्रयोगशाळा. लॅब असिस्टंट आणि बीएस्सीची पाच-सहा मुलं. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत. कॉलेजच्या वायफायवर मात्र जोडताना गोल फिरत राहतो आणि आवाज येतो तो बराच उशिरा.

"मॅडम, सर्व्हर स्लो आहे," असिस्टंट म्हणाला. सर्व्हर बिचारा नऊ वाजल्यापासून रिकामा बसलाय. क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचं एक आतलं पान आहे. जोडणी कोणत्या मार्गाने झाली ते तिथे जसंच्या तसं दिसतं. मुलांना जवळ बोलावलं. हॉटस्पॉटवर मार्ग थेट, यूडीपीने. वायफायवर 'रिले'. म्हणजे कॉलेजची फायरवॉल यूडीपीचा तो पट्टा अडवतेय. ब्राउझरने आधी थेट जायचा प्रयत्न केला, दार बंद दिसलं, मग टर्न सर्व्हरची वाट घेतली. टर्न सर्व्हर म्हणजे दोन घरांत बोलणं नसताना दोघांचे निरोप पोचवणारा मधला शेजारी. तो ४४३ वर उभा असतो, आणि ४४३ सहसा कोणी बंद करत नाही, कारण ते बंद केलं तर इंटरनेटच बंद होतं.

मग रिलेनेच चालू द्यावं का, असं एका मुलीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. अडलेल्यासाठी ठीक, पण रोजच्या वापराला नको, कारण ४४३ वरची ही वाट टीसीपीची आहे. टीसीपी हरवलेला तुकडा परत मागवतो आणि तो येईपर्यंत मागचे सगळे तुकडे रोखून धरतो. फाइल उतरवताना हे हवंच असतं, कारण एक बाइट इकडचा तिकडे झाला तर फाइल गेली. बोलण्यात उलटं आहे. आवाजाचे तुकडे साधारण २० मिलिसेकंदांचे, सेकंदाला पन्नास. त्यातला एक हरवला तर कानाला फारसं कळत नाही, पण तो परत मागवण्यात पुढचे दहा अडकले तर वाक्यच तुटतं. म्हणून वेबआरटीसीला यूडीपी आवडतं, जे गेलं ते गेलं. इथे आवाजासाठी वापरला जाणारा ऑपस हा कोडेक २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ म्हणून प्रमाणित झाला, आणि हरवलेल्या तुकड्याची जागा आजूबाजूच्या आवाजावरून भरायची कला त्याच्यात आहे. शिवाय तो ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कसाही चालतो. पाटणची रेंज आणि स्टुडिओचा माइक, दोघांनाही तोच.

फायरवॉल सांभाळणाऱ्या सरांकडे गेले. ते आधी 'पोर्ट उघडणं धोक्याचं' म्हणाले, ते त्यांचं कामच आहे. आमच्या सर्व्हरच्या एकाच पत्त्याकडे जाणारा, आतून सुरू होणारा यूडीपी तेवढा सोडा, बाकी काही मागत नाही, असं लिहून दिलं. पंधरा मिनिटांत झालं. पुन्हा इंटर्नल्सचं पान उघडलं, 'रिले' गेला होता.

दुपारी १.१५

डबा. कार्यालयातले मामा पाण्याचा जग ठेवून म्हणाले, "ताई, आता मास्तरांचा तास रेकॉर्ड होणार म्हणं?"

बातमी आमच्या आधी पोचली होती. रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या खोलीला रेकॉर्डिंगची परवानगी दिली आणि पूर्ण वेळ साठवायचं सेटिंग चालू असलं, की सर्व्हर ती खोली उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा कच्चा माल साठवत राहतो. मग शिक्षकाने बटण दाबलं आणि सोडलं, त्या फक्त खुणा. नंतर प्रक्रिया होते तेव्हा खुणांमधला भाग प्रसिद्ध होतो, पण बाकीचा कच्चा माल साफसफाई होईपर्यंत डिस्कवर असतोच. तास सुरू व्हायच्या आधीच्या गप्पा, कोणाच्या घरातलं भांडण, सगळं.

आमच्याकडे ज्युनिअर कॉलेज आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतलं ते मूल. पालकांची संमती हवी. म्हणून ज्युनिअरच्या खोल्यांना रेकॉर्डिंग मुळातच बंद. सीनिअरला शिक्षकाने मागितलं तर चालू. मामांना म्हटलं, "मास्तरांना विचारून." मामांचा विश्वास बसला नाही.

दुपारी २.३०

शिक्षकांचं प्रशिक्षण. बारा जण आले, त्यांतले तिघे एकाच बाकावर, तिघांचे लॅपटॉप उघडे, तिघांचे स्पीकर मोठे. पहिल्या मिनिटाला अशी किंचाळी उठली की बाहेरच्या वर्गातली मुलं खिडकीत जमा झाली. ब्राउझर प्रतिध्वनी मारतो, पण फक्त स्वतःच्या स्पीकरमधून आलेला, कारण आपण काय वाजवलं ते त्याला ठाऊक असतं. शेजारच्या लॅपटॉपमधून आलेला आवाज त्याच्या लेखी नवा, म्हणून तो इमानदारीत पुढे पाठवतो. एका खोलीत एकच माइक, नाहीतर सगळ्यांना हेडफोन. हे मी तोंडी सांगितलं असतं तर कोणी लक्षात ठेवलं नसतं. त्या किंचाळीनंतर कोणी विसरणार नाही.

मग मराठीच्या सरांनी स्लाइड्स चढवल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टोप्यांची खिचडी. सर हताश. "माझ्याकडे व्यवस्थित दिसतं हो."

हे होणारच होतं. सरांचा मजकूर श्रीलिपीत टंकलेला आहे. असल्या जुन्या फॉन्टांत फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं. त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट सरांच्या संगणकात आहे, मुंबईच्या सर्व्हरवर नाही. तिथे लिबरऑफिसने फाइल उघडली, त्याला खरी अक्षरं दिसली आणि तीच त्याने छापली. इतिहासाच्या मॅडमचा मजकूर युनिकोडमधला, म्हणून तो वाचता आला, पण मंगल फॉन्ट उबंटूत नसल्यामुळे दुसरा बसला आणि ओळी फळ्याबाहेर गेल्या. दोघांनाही उपाय एकच, आणि तो सर्व्हरवर नाही: आपल्या संगणकावरच पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आत जातो, मग ती चढवा. मी सर्व्हरवर आणखी देवनागरी फॉन्ट बसवू शकते आणि बसवणारही आहे, पण वीस वर्षांत महाराष्ट्रात जेवढे फॉन्ट वापरले गेले तेवढे कोणीच गोळा करू शकत नाही.

सरांनी तिथल्या तिथे पीडीएफ केली. पानं जशीच्या तशी आली. त्यांनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं तेव्हा ते थरथरतं आलं, कारण माउसने लिहायचं होतं. संस्थेकडे दोन लेखणी-पॅडची मागणी आजच टाकते.

दुपारी ४.१५

कॉलेजच्या मूडलची, म्हणजे अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाची, जोडणी. ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, बिगब्ल्यूबटनचा भाग मूडलमध्ये आधीच असतो, वेगळा प्लगइन शोधावा लागत नाही. सर्व्हरचा पत्ता आणि गुप्त किल्ली टाकली, संपलं. ही किल्ली सांभाळायची असते. बिगब्ल्यूबटनला स्वतःची माणसं नाहीत, लॉगिन नाही, पासवर्ड नाहीत. मूडल त्याला सांगतं, 'अमुक खोली उघड, तमुक माणूस शिक्षक म्हणून आत घे,' आणि त्या निरोपाला किल्ली मिसळून काढलेली एक सही जोडतं. सही जुळली की दार उघडतं. किल्ली बाहेर गेली तर कोणीही कोणाच्याही वर्गात शिक्षक होऊन बसेल. ती मी व्हॉट्सॲपवर मागणाऱ्याला देत नाही, तो कोणीही असो.

मूडलमध्ये ज्यांचं खातं नाही अशा पाहुण्यांसाठी ग्रीनलाइट हा दर्शनी भाग सकाळीच बसवून घेतलाय. तिथे शिक्षक आपली खोली करून दुवा पाठवू शकतो.

संध्याकाळी ६.००

पहिला खरा वर्ग. तृतीय वर्ष, गणित, मॅडम त्यांच्या घरून. मी दोन पडदे उघडून बसले. एकात वर्ग, दुसऱ्यात सर्व्हरची नाडी.

सहाला पाच मिनिटं असताना अकरा जण होते, सहाला सदतीस. आत येताना सगळे म्यूट असतील असं सेटिंग ठेवलंय, तरी एकाने उत्साहाने माइक उघडलाच. कुकरची शिट्टी, कोणीतरी 'अगं दूध बघ' म्हणालं. मॅडम हसल्या, मुलंही हसली असणार, आवाज बंद होते म्हणून कळलं नाही. मग मॅडमनी 'फक्त ऐका' म्हणून येणाऱ्यांना तसंच राहू द्यायचं ठरवलं. जोडताना माइक नको म्हटलं की सर्व्हर त्या माणसाचं काही मिसळत बसत नाही, तयार मिश्रणाची प्रत पाठवतो. सदतीसांतल्या पंचवीसेक जणांनी तेच निवडलं होतं, कोणी न सांगता.

सव्वासहाला मॅडमकडची लाईट गेली. वायफाय गेलं. वर्गातला चौकोन गोठला, फळा तसाच राहिला. मुलांनी चॅटमध्ये लिहिलं, 'मॅडम आवाज गेला.' खोली सर्व्हरवर असते, शिक्षकाच्या घरात नसते, त्यामुळे ती बंद झाली नाही. मॅडम मोबाईलवरून त्याच दुव्याने परत आल्या, तोच फळा, तीच आकृती, जिथे थांबल्या होत्या ते वक्राखालचं क्षेत्रफळ. कॅमेरा न लावता बोलल्या. पुढची पस्तीस मिनिटं मॅडमचा चेहरा कोणाला दिसला नाही, आणि चॅटमध्ये त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही. प्रश्न मात्र बरेच आले.

दुसऱ्या पडद्यावर प्रोसेसर निवांत होता. कोयनानगरकडचा एक विद्यार्थी सारखा बाहेर जाऊन आत येत होता. लॉगमध्ये त्याच्या जोडण्या एकाखाली एक दिसत होत्या. शेवटी त्याने चॅटमध्ये लिहिलं की गच्चीवर आलो, आता बरं आहे. ते सर्व्हरच्या हातातलं नव्हतं.

रात्री ८.४५

रेकॉर्डिंगची प्रक्रिया चालू आहे. वर्ग संपल्यावरच ती सुरू होते, आणि गणिताच्या मॅडमचे दोन मेसेज येऊन गेले की दिसत का नाही. उत्तर: सकाळपर्यंत. यंत्राची प्रत काढून ठेवली, म्हणजे पुढच्या अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येईल. सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं, ते आपोआप नवं होतं की नाही त्याची कोरडी चाचणी घेतली.

मग प्राचार्य मॅडमचा मेसेज: रविवारी पालक सभा घेऊ या, चारशे पालक, एकाच खोलीत.

इथे मी आडवी येते. स्केललाइट नावाचा भाग आणखी सर्व्हर जोडून देतो, पण तो खोल्या वाटतो, खोली वाटत नाही. एक खोली अख्खी एकाच यंत्रावर राहते. प्रकल्पाचा जुना सल्ला असा की अशा यंत्रावर एका वेळी दोनशेच्या आसपास माणसं, आणि एका खोलीत शंभराच्या आत. चारशे जणांना एकाचंच भाषण ऐकवायचं असेल तर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करावं, ते त्याच कामासाठी आहे. पालकांनी बोलावं असं वाटत असेल तर चाळीस-चाळीसच्या दहा खोल्या, प्रत्येकीत वर्गशिक्षक, आणि पाच-पाच खोल्यांच्या दोन तुकड्या. तसं लिहिलं, सकाळी दहा आणि दुपारी बारा अशा वेळा दिल्या.

मॅडमना खोल्या पटल्या. वेळा कार्यालयातल्या लेखनिकांनी बदलायला लावल्या, सकाळी दहाला पालक रानात असतात म्हणून. आता दोन्ही तुकड्या संध्याकाळी: सात ते पावणेआठ, आणि आठ ते पावणेनऊ. मधली पंधरा मिनिटं पहिल्या पाच खोल्या नीट बंद झाल्या का ते बघायला मला लागतील.